गुडघ्याला झेपतील अशा वाटा

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवराबायको पंचवीस दिवस स्पेनला राहून आलो. लेक आणि जावई तिथं उत्तरेकडं ओव्हिएदो शहरात नोकरीला आहेत. तीन वर्षांपासून ती "या ना वं आई" म्हणत होती आणि दरवर्षी आमचं काही ना काही निघत होतं. कधी संत्र्याला पाणी द्यायचं, कधी बोअर आटलेला, कधी घरातलं लग्न. या वेळी यांनीच मनावर घेतलं. मे महिन्यात निघायचं आणि पेरणीच्या आत परत यायचं, असं ठरलं.

आल्यापासून गावातला जो भेटतो तो एकच विचारतो, काय पाहिलं? मी सांगते, आम्ही चाललो. समोरच्याला ते पटत नाही. इतक्या दूर विमानानं जाऊन चालायचंच होतं तर वावर काय वाईट होतं, असं सासूबाई तोंडावर म्हणाल्या. त्यांना आणि बाकीच्यांनाही नीट सांगता यावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझ्या गुडघ्यांचं सांगते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत उभ्यानं शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा उजवा गुडघा पायरी उतरताना कळ मारायचा. आता दोन्ही मारतात. डॉक्टरांनी सांगितलं, चढउतार टाळा, पण चालणं सोडू नका. हे सांगणं सोपं आहे. आमच्या गावात बाईमाणसानं चालायचं कुठं? डांबरी रस्त्यावर रेतीचे ट्रॅक्टर नि ट्रक, शेतात जायच्या पांधणीत पावसाळ्यात गुडघाभर चिखल आणि उन्हाळ्यात वाळलेल्या चिखलाची ढेकळं. चिखलदऱ्याला जाऊन चालावं तर तिथं सगळा चढच. त्यामुळं लेकीनं "आई, इथी डोंगर लय हायत" असं सांगितलं तेव्हा मी मनातून धसकलेच होते.

ओव्हिएदो ज्या प्रांतात आहे त्याचं नाव अस्तुरियास. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बर्फाचे डोंगर, आणि मधली पट्टी इतकी हिरवी की मे महिन्यात अमरावती जिल्ह्यातून गेलेल्या माणसाचे डोळे दुखावेत. आम्ही निघालो तेव्हा घरी पारा ४५ वर होता. तिथं उतरलो तर अंगावर शाल. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर काहीतरी पडत होतं, पण आवाज नव्हता. हे दार उघडून बाहेर गेले, हात पुढं केला, तळवा पाहिला, आणि म्हणाले, "हा पाऊस हाय का दव हाय?" जावयांनी सांगितलं, याला इथं ओर्बायू म्हणतात. आपल्याकडं झिमझिम म्हणतो त्याहूनही बारीक. छत्रीचा उपयोग नाही, कारण तो वरून पडत नाही, चहूकडून येऊन बसतो. तिथली माणसं त्याच्यामुळं घरात थांबत नाहीत. आम्हीही मग थांबलो नाही.

पहिली वाट लेकीनं मुद्दाम माझ्यासाठी निवडली होती. नाव सेंदा देल ओसो, म्हणजे अस्वलाची वाट. ओव्हिएदोपासून मोटारीनं अर्ध्यापाऊण तासावर प्रोआसा नावाचं छोटं गाव आहे, तिथून तुन्योनपर्यंत सहासात किलोमीटर चालायचं. मी गाडीतून उतरून वर पाहिलं. दोन्ही बाजूंना नुसते चुनखडीचे उभे कडे. मी लेकीला म्हटलं, "मले हे जमन काय वं?" ती म्हणाली, "आई, हा रस्ता आगगाडीचा हाय."

तेवढ्या एका वाक्यात सगळं आलं. या खोऱ्यात कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणी होत्या. खाणीतला माल खाली त्रुबियाच्या कारखान्याकडं न्यायला एकोणिसाव्या शतकात छोट्या मापाची रेल्वे टाकली होती. १९६० नंतरच्या काही वर्षांत ती बंद पडली. रूळ गेले, बोगदे आणि पूल तसेच उरले. पुढं कोणाच्या तरी डोक्यात आलं, की ज्या वाटेनं कोळशाची गाडी जायची त्या वाटेनं माणूस का जाऊ नये. आगगाडीला चढ झेपत नाही. जिथं डोंगर चढतो तिथं रूळवाल्यांना एक तर तो कापावा लागतो, नाही तर भोक पाडून पलीकडं जावं लागतं. ते कष्ट शंभर वर्षांपूर्वी कोणी खाणमजुरांनी करून ठेवले आणि त्याचं सुख माझ्या गुडघ्यांना मिळालं. त्या दिवशी सहासात किलोमीटर चालून मला एकदाही कळ आली नाही. वाट नदीसोबत जाते आणि नदीसारखीच, कळणार नाही अशी उतरत राहते.

एका बाजूला लाकडी कठडा. त्याच्या पलीकडं खाली नदीचा आवाज, पण झाडी इतकी दाट की पाणी दिसतं ते मध्येच, एखाद्या फटीतून. अक्रोडाची झाडं, चेस्टनटची झाडं. या चेस्टनटचं फळ काटेरी असतं, एरंडीच्या बोंडासारखं पण मोठं, आत तपकिरी बी. आमच्या वेळी झाडांवर फळं लागायची होती. मग बोगदे. पहिल्या बोगद्यात शिरताना मी यांचा हात धरला. आत गार, भिंतीतून पाणी पाझरत होतं, आणि छतावर अजून काळपट थर दिसत होता. तो धुराचा असावा असं मला वाटलं. हे भिंतीला हात लावून उभे राहिले. सब्बलीचे घाव मोजावेत तसे खडकावरचे खाचे पाहत होते. बाहेर आल्यावर बराच वेळ बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, "शकुंतला."

अमरावती, अकोला, यवतमाळकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पण बाहेरचे वाचणारे असतील तर त्यांच्यासाठी सांगते. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरकडं आणि एक यवतमाळकडं, अशी आमची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती, शकुंतला. इंग्रजांच्या काळात किलिक निक्सन नावाच्या कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनपर्यंत आणि तिथून मुंबईला, पुढं विलायतेला न्यायला ती चालवली. अचलपूरचा फाटा ७६ किलोमीटरचा. १९९४ पर्यंत तिला कोळशाचं इंजिन होतं. माझं माहेर दर्यापूरकडचं, तिथल्या स्टेशनचं नाव बनोसा. सासरचं स्टेशन पथ्रोट. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले ती शकुंतलेनंच, आणि बाळंतपणाला गेले तीही तिनंच. गाडी इतकी हळू जायची की पोरं उतरून शेतातली बोरं तोडून परत चढत. गार्ड शिट्टी मारायच्या आधी मागंपुढं पाहायचा, कोणी म्हातारी पळत येते आहे का म्हणून. आता ती बंद आहे. कित्येक ठिकाणी रुळांवर बाभळी उभ्या राहिल्या आहेत. पथ्रोटच्या स्टेशनात दिवसा बकऱ्या बसतात.

तर त्या परक्या बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून आम्ही दोघं आमच्या गाडीबद्दल बोलत होतो आणि लेक ऐकत होती. तिला शकुंतला अर्धवटच आठवते.

अस्वलाचं राहिलंच. १९८९ साली एका शिकाऱ्यानं तिथल्या रानात एक अस्वलीण मारली. तिची दोन पिल्लं वाचली, पाका आणि तोला. आईवाचून वाढलेल्या त्या दोघींना रानात सोडलं असतं तर जगल्या नसत्या, म्हणून पुढं प्रोआसाजवळच्या डोंगरउतारावर मोठं कुंपण घालून तिथं ठेवलं. चालायची वाट त्या कुंपणाच्या अंगानंच जाते. तोला २०१८ मध्ये गेली. पण या दोघींमुळं तिथल्या लोकांच्या मनात अस्वलाला जागा झाली, असं जावई सांगत होते. त्या डोंगररांगांमध्ये एके काळी शंभरसुद्धा अस्वलं उरली नव्हती, आता तीनशेच्या वर आहेत. आम्ही गेलो तेव्हा दुपार झाली होती, कुंपणात आम्हाला काही दिसलं नाही. पाच वर्षांची असेल अशी एक तिथली पोरगी बापाच्या खांद्यावर बसून इतक्या आशेनं झाडीकडं पाहत होती, की तिच्यासाठी तरी एखादं अस्वल बाहेर यावं असं मला फार वाटलं. आमच्याकडं अस्वलाचं नाव काढलं की मोहफुलं वेचायला गेलेल्या मेळघाटातल्या बायांच्या जखमा आठवतात. अस्वलाकडं खांद्यावर बसून पाहायचं, हे मला नवीन होतं.

पुढच्या आठवड्यात त्याच वाटेचा वरचा भाग केला. कारांगा नावाच्या ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटतात. एक तेवेर्गाकडं जातो, एक किरोसकडं. आम्ही तेवेर्गाच्या बाजूनं एन्त्रागोहून खाली उतरलो. या वाटेवर एके ठिकाणी दरी इतकी अरुंद होते की दोन कडे एकमेकांना टेकतात की काय असं वाटतं, नावच तसं आहे, जुळलेले कडे. एन्त्रागो ते तुन्योन सगळी वाट बावीस किलोमीटरच्या आसपास भरते. ती एकदम करायची असेल तर सायकल भाड्यानं मिळते. चालायचं असेल तर वरून खाली या, आणि तुकडे करून या. पन्नाशीच्या पुढच्यांनी तर तसंच करावं.

स्पेनमध्ये अशा वाटा एकदोन नाहीत. १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या चालायच्या आणि सायकलच्या वाटा करायचं काम देशभर चाललं आहे. त्यांना हिरव्या वाटा असं नाव आहे, आणि त्या आता तीन हजार किलोमीटरच्या वर झाल्या आहेत. हे ऐकलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन हजार किलोमीटर. आमची ७६ सुद्धा मोकळी नाही.

दुसरं ठिकाण कोवादोंगाची तळी. हे फार प्रसिद्ध आहे आणि गर्दीही तशीच. पिकोस दे एउरोपा ही तिथली मोठी डोंगररांग. तिच्या एका भागाला १९१८ मध्ये राष्ट्रीय उद्यान केलं, स्पेनमधलं सर्वांत पहिलं. उन्हाळ्यात आणि सुट्ट्यांच्या दिवसांत खासगी गाड्या वर सोडत नाहीत. कांगास दे ओनीसहून बस धरावी लागते. वाटेत खाली कोवादोंगाचं देवस्थान लागतं. कड्यातल्या गुहेत मेरीमातेची मूर्ती आणि गुहेखालून पाण्याची धार. मला एकदम मुक्तागिरीची देवळं आणि धबधबा आठवला, पावसाळ्यातला. मी चप्पल काढायला वाकले, तर लेक म्हणाली, इथं नाही काढत. मला घालून आत जाववेना. काढलीच.

बस साधारण अकराशे मीटर उंचीवर सोडते. म्हणजे चढ बसनं खाल्ला. पुढचं चालणं सौम्य आहे. आधी बुफेर्रेराची जुनी खाण, तिचे उघडे पडलेले लाल दगड. मग एर्सिना तळं, पुढं बीच नावाच्या झाडांचं रान, आणि वळून एनोल तळं. पूर्ण फेरा सहा किलोमीटरच्या आतबाहेर, आमच्या चालीनं तीन तास. तिसरं एक तळं आहे, ब्रिसियाल. बर्फ वितळतं किंवा भरपूर पाऊस होतो तेव्हाच त्यात पाणी साठतं. आम्हाला तिथं ओलसर गवत दिसलं. यांनी बुटाच्या टाचेनं दाबून पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली, जणू पेरणीचा अंदाज घेत होते.

गाईंबद्दल लिहायला हवं, कारण यांचा अर्धा दिवस त्यांच्यातच गेला. बदामी रंगाच्या, धिप्पाड, गळ्यात तांब्याएवढ्या घंटा. उन्हाळ्यात खालच्या गावातले लोक गुरं वर चरायला आणतात आणि दगडी झोपड्यांमध्ये राहतात. पूर्वी सगळा उन्हाळा राहायचे, तिथंच दुधाचं चीज करायचे. आता राहणारे थोडे आहेत. एक म्हातारे गृहस्थ झोपडीबाहेर बसले होते. यांनी त्यांना हात जोडले. त्यांनी टोपी काढली. पुढं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते. हे वऱ्हाडीत बोलत होते, ते त्यांच्या बोलीत, आणि दोघं मिळून एका गाईच्या पुढच्या पायाचं खूर पाहत होते. खुरात सूज होती. यांनी हातानं दाखवलं, मीठपाण्यात बुडवायचं. त्यांनी मान हलवून दुसरंच काही दाखवलं. बहुतेक कसल्या तरी पानांचा लगदा असावा. अर्धा तास झाला. शेवटी त्यांनी आम्हाला चीजचा तुकडा कापून दिला, वरून करडी बुरशी धरलेला. मी कशीबशी चिमूटभर खाल्ली. यांनी सगळा संपवला आणि पिशवीतली आमची जवसाची चटणी नि भाकर पुढं केली. पाच किलो ज्वारीचं पीठ मी घरून नेलं होतं. म्हाताऱ्यांनी भाकर आधी हुंगली, मग मोडली, आणि चटणी लागल्यावर डोळे पुसत हसले.

परतताना धुकं आलं. हे मुद्दाम सांगते. दहा मिनिटांपूर्वी लख्ख ऊन होतं, नि दहा मिनिटांत तळं नाही, गाई नाहीत, फक्त घंटांचा आवाज. वाट सोपी असली तरी तिथं धुक्यात माणूस भरकटतो. त्या वेळी आम्हाला खुणांनी सोडवलं. तिथं दगडांवर, झाडांवर, कठड्यांवर रंगाचे दोन पट्टे मारलेले असतात, हाताच्या पंज्याएवढे. पांढरा आणि लाल म्हणजे मोठी, पन्नास किलोमीटरच्या वरची वाट. पांढरा आणि पिवळा म्हणजे लहान. पांढरा आणि हिरवा म्हणजे गावाजवळची, दहा किलोमीटरच्या आतली. पट्टे एकाखाली एक सरळ असले की वाट बरोबर. एकावर एक फुली मारलेली असली की इकडं येऊ नका. बस, एवढंच. वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. आमच्या पुढं जावई, मागं मी, आणि प्रत्येक पट्टा दिसला की लेक मोठ्यानं म्हणायची, "हा बघा पिवळा." शाळेत पहिलीच्या पोरांना रंग शिकवताना मी असंच म्हणायची.

कारेसची वाट मात्र माझ्यासाठी नव्हती, हे आधीच सांगून टाकते. सगळ्या माहितीत तिला सोपी म्हणतात. पोन्सेबोस ते काईन, एका बाजूनं बारा किलोमीटर. वीज तयार करायच्या कालव्याच्या देखभालीसाठी कड्यात कोरलेली वाट आहे ती, एका अंगाला सरळ दरी, आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. पोन्सेबोसकडून सुरुवातीलाच चांगला चढ आहे. आम्ही काईनच्या बाजूनं शिरलो. तिथं पहिले बोगदे आणि पूल सपाटच आहेत. दोनेक किलोमीटर गेले आणि खाली पाहिल्यावर मला भोवळ आली. भिंतीला पाठ लावून खाली बसले. लेकीनं पाणी दिलं, कोणी घाई केली नाही, आणि आम्ही मागं फिरलो. ज्यांना उंचीची भीती नाही त्यांनी काईनहून तेवढं जरूर चालावं, पाणी हिरवंगार आहे आणि कडे डोक्यावर झाकण घालावं तसे. मला त्या गावातली दुसरीच गोष्ट जास्त लक्षात राहिली. जवळच पिकू उरियेल्लू नावाचा अडीच हजार मीटरचा सुळका आहे. तो १९०४ मध्ये पहिल्यांदा चढला गेला. चढणारे दोघं होते. एक पेद्रो पिदाल, मोठ्या घराण्यातला श्रीमंत माणूस. दुसरा ग्रेगोरिओ पेरेस, याच काईनचा मेंढपाळ. त्याच पिदालनं पुढं खटपट करून ते पहिलं राष्ट्रीय उद्यान करवलं. मेंढपाळाचं नाव गावात आजही अभिमानानं घेतात, हे मला फार आवडलं.

पोन्सेबोसच्या बाजूच्या बुल्नेस गावाला मोटारीचा रस्ता नाही. २००१ पासून डोंगराच्या पोटातून रुळांवर चालणारा पाळणा आहे, सातेक मिनिटांत वर नेतो. वर पोचून गावातून नुसतं हिंडलं तरी पुरे. भाडं मात्र जास्त वाटलं.

आणि एक समुद्र. यानेस गावाच्या बाजूला, नावेस नावाच्या खेड्याजवळ, गुल्पियुरी. गाडी ठेवून शेतांमधून मातीच्या वाटेनं दहापंधरा मिनिटं चालायचं. दोन्ही बाजूंना कुरणं, दगडी बांधाचे धुरे, मक्याची कोवळी रोपं. मला वाटलं लेक वाट चुकली, कारण समुद्र कुठंच दिसत नव्हता. मग वाट थोडी खाली वळली आणि शेताच्या मधोमध, चहूकडून गवतानं वेढलेला, आपल्या शाळेच्या पटांगणापेक्षाही लहान असा वाळूचा किनारा. त्यावर लाटा येत होत्या, खऱ्या, फेसाच्या. समुद्र पलीकडं शंभरेक मीटरवर कड्याआड आहे आणि खालच्या खडकांतल्या भोकांतून तो आत येतो. आम्ही दोघं काळ्या मातीतली माणसं. समुद्र आयुष्यात दोनदा पाहिलेला, मुंबईत आणि गणपतीपुळ्याला. पण शेतात आलेला समुद्र? यांनी पँट दुमडली, पाण्यात उतरले, ओंजळ भरून जिभेवर ठेवली. "खाराच हाय," म्हणाले. मग मागं वळून त्या मक्याकडं पाहिलं. दर्यापूरकडचा खारपाणपट्टा त्यांना माहीत आहे, तिथल्या विहिरींचं पाणी पिकाला देता येत नाही. इथं खाऱ्या पाण्यापासून शंभर पावलांवर मका डोलत होता. वरून पडणारं गोड पाणी किती असेल, याचा हिशेब ते गाडीत बसेपर्यंत करत होते.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिली ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. या सगळ्या वाटांवर गावोगाव एक लाकडी घर दिसतं, चार दगडी पायांवर उभं. त्याला ओर्रेओ म्हणतात. माणसं त्यात राहत नाहीत, ते धान्याचं घर आहे. प्रत्येक पायाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखा सपाट, रुंद दगड ठेवलेला, नि त्यावर घर. उंदीर पाय चढून येतो, पण त्या दगडाच्या खालच्या अंगाला उलटं लोंबकळत पुढं जाणं त्याला जमत नाही, खाली पडतो. जिना असतो, तोही घराला चिकटलेला नसतो, हातभर अंतर सोडून. म्हणजे तिकडूनही उंदराला वाट नाही. खाली सरपण, जुनी बंडी, वर कठड्याला मक्याच्या कणसांच्या माळा. पाय सहा झाले की त्याचं नाव बदलतं, पानेरा म्हणतात. माझ्या आजेसासूबाईंच्या घरी तुराट्यांची कणगी होती, शेणमातीनं लिंपलेली, आणि उंदरांपायी त्या रात्री उठून काठी आपटायच्या. त्या बाईला हा चपटा दगड दाखवता आला असता तर.

परत आलो ते मृगाच्या दोन दिवस आधी. मग पेरणी, दुबार पेरणीची धास्ती, निंदण, सगळं ओळीनं आलं आणि स्पेन मागं पडलं. पण गुडघ्यांना सवय लागली होती. पोळ्यानंतर पाऊस जरा ओसरला, तशी मी सकाळी सहाला निघायला लागले. आमच्या वावराच्या पांधणीनं पथ्रोटच्या स्टेशनापर्यंत आणि परत. आधी एकटी. मग शेजारची जाऊ आली. तिला मधुमेह आहे, तिलाही चालायला सांगितलं होतं, पण जागा नव्हती. आता आम्ही सहाजणी आहोत. स्टेशनाजवळ पोचलो की जुन्या फलाटाच्या ओट्यावर बसतो, घरून आणलेला चहा पितो, आणि समोर बाभळींत शिरलेले रूळ पाहतो.

शकुंतला मोठ्या रुळांवर परत यावी ही आमच्याकडची जुनी मागणी आहे. तिच्यासाठी लोकांनी आंदोलनं केली. ती मागणी माझीही आहे, आणि ती पुरी व्हायलाच हवी. दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटच्या पोरापोरींना कॉलेजला जायला, संत्र्याला नि केळीला बाहेर काढायला गाडीच हवी, चालायची वाट त्याची भरपाई करू शकत नाही. पण गाडी येईपर्यंत ती जमीन बाभळीच्या हवाली का? रूळ आहेत तिथं राहू द्या, त्यांना कोणी हात लावू नका. कडेनं पाच फूट झाडोरा काढला, चार ठिकाणी बसायला ओटे केले, प्यायच्या पाण्याचा एक रांजण ठेवला, तर अंजनगावपासून अचलपूरपर्यंत एका पातळीवर चालता येईल. डावीउजवीकडं संत्र्याच्या बागा, अंजनगावकडं पानमळे आणि पानपिंपरी, उत्तरेला पूर्ण वाटभर सातपुडा. अस्तुरियासच्या कड्यांइतकं ते भव्य नाही. पण ऑक्टोबरात सकाळी सात वाजता पथ्रोटच्या फलाटावरून गाविलगडाचा डोंगर जसा निळा दिसतो, तसा निळा रंग मला तिथं कुठंही दिसला नाही. हे मी अर्ज करून कळवलं आहे. दोनदा गेले, दोनदा साहेब नव्हते, तिसऱ्यांदा अर्ज ठेवून पोच घेतली. पोच जपून ठेवली आहे.

आमच्या पांधणीचं मात्र आम्हीच करायला घेतलं. सहा घरांनी मिळून ट्रॅक्टरभर मुरूम टाकला. आणि गेल्या आठवड्यात यांनी बैलांची शिंगं रंगवून उरलेले रंगाचे डबे काढले, पांढरा आणि पिवळा. धुऱ्यावरचे मोठे दगड धुऊन, पुसून, त्यांवर दोन दोन पट्टे मारले. जिथं पांधणीला फाटा फुटतो नि तो नाल्यात जाऊन संपतो, तिथं फुली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या धुऱ्याचे भाऊजी दगडापाशी उभे होते. चेहरा उतरलेला.

"वहिनी, हे कायच्या खुणा हायत? मोजणीवाले येऊन गेले काय? रस्ता निघून रायला काय आपल्या वावरातून?"

"नाही बाप्पा, मोजणी नाही. हे यायनं मारले पट्टे. स्टेशनावर जायाची वाट दाखोवते."

त्यांनी दगडावर बोट फिरवून पाहिलं. रंग अजून थोडा ओला होता.

"किती हाय इथून?"

"साडेतीन किलोमीटर. चढ नाही."

"आमच्या घरची येते म्हणत होती तुमच्यासंगं," ते म्हणाले. "सकाळी किती वाजता निघता?"

"सहाले," मी म्हटलं. "चहा आमच्याकडून राहीन, कप घरून आणजो म्हणा."